एकाच वाटीतले

गावात सोनोग्राफीची गाडी आली होती तेव्हा बाबांच्या पोटावरून यंत्र फिरवता फिरवता डॉक्टर वानिदाबाई मला म्हणाल्या, "भावालाही घेऊन ये. बापाबरोबर एकाच वाटीत जेवलाय तो." मी बरं म्हणाले. माझ्या लेकीला, इंगला, त्याच दिवशी लस टोचली होती, ती कडेवर कण्हत होती, आणि दादा तर अजून चाळिशीचाही नव्हता. वाटीचं काय घेऊन बसल्या, असं मनात आलं आणि मी विसरून गेले.

बाबांच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. खोन केन शहरातल्या इस्पितळात नेऊन पोट उघडलं, गाठीचा तुकडा काढून घेतला आणि पुन्हा शिवलं.

मी त्याच शहरात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करते. असे तुकडे आमच्याकडे गोठवून येतात, नावाच्या जागी नुसता नंबर. मी ते कुटते आणि कोणता जीन किती बोलतोय ते मोजते. पेशीत जीन सगळे असतात, पण बरेचसे गप्प असतात. एकाची दोन हो, असं पेशीला सांगणारे जीन जखम भरेपर्यंत बोलतात, मग थांबतात. आमच्या धरणातल्या कच्च्या माशातून एक चपटा कृमी पोटात जातो, पित्ताच्या नळीत मुक्काम करतो आणि वर्षानुवर्षं तिला ओरबाडत राहतो. जखम भरत नाही, म्हणून ते जीनही थांबत नाहीत. पुढे एखाद्या पेशीत त्यांना गप्प करणारंच काही बिघडतं. मग कृमी मेला तरी ते बोलत राहतात, आणि गाठ वाढत जाते.

यंत्राच्या पडद्यावर रेघ जितकी लवकर वर चढते, तितका तो जीन जास्त बोलतोय. त्या महिन्यात बऱ्याच रेघा लवकर चढल्या. बाबांची त्यातली कुठली, हे मी कुणाला विचारलं नाही. डबा खाल्ला, हात धुतले, इंगला पाळणाघरातून आणलं.

पुढे बाबा गेले. अंत्यविधीला सगळा गाव जमला आणि घरामागे पुरुष कच्चा मासा बारीक कापायला बसले. मिरची, भाजलेल्या तांदळाची पूड, वरून लिंबू. बाबांना आवडायचं म्हणून.

"बाबा ह्यानेच गेले, आणि आता पाहुण्यांनाही तेच?" मी म्हटलं.

"लिंबू पिळलंय, शिजला तो," चुलतभाऊ खामसिंग म्हणाला.

"रंग बदलतो नुसता. कृमी जिवंतच राहतो."

"दिवसभर लिव्हर वाटत बसते ना ही, तिला आपलं ताटही तसलंच दिसायचं."

सगळे हसले. मीही थोडी हसले असेन.

दादाने मला जवळ बसवलं. "नोई, मी दरवर्षी गोळी घेतो गं. आत्ताच घेतलीय. पोट एकदम कोरं."

"गोळीने कृमी मरतो, दादा. आत झालेली इजा तशीच राहते. आणि तू पुन्हा खातोस."

"म्हणून तर पुन्हा गोळी घेतो."

"माझ्याबरोबर चल. सोनोग्राफीला वेळ लागत नाही."

"आधी बाबांना नीट पोचवू दे."

मग त्याने चिकट भाताचा गोळा केला, त्या माशाच्या वाटीत बुडवला आणि इंगच्या तोंडाशी नेला. "आजोबांच्या नावाने एक घास."

मी तिला ओढलं. घास खाली पडला. दादाने तो मातीतून उचलला, झटकला आणि स्वतःच्या तोंडात घातला. चावून झाल्यावर हळू आवाजात म्हणाला, "बाबांच्या दिवशी माझ्या हातचं टाकलंस." खामसिंगने लगेच त्याच्यापुढे वाटी सरकवली.

अस्थी वेचून झाल्या आणि तो दूर समुद्राकाठी, रायोंगला निघून गेला. तिकडे कारखान्याच्या फाटकाबाहेर भाजलेल्या कोंबडीची गाडी लावतो. माझा फोन उचलत नाही. मी त्याची सोनोग्राफीची वेळ घेतली, ती टळली. दुसरी घेतली, तीही टळली.

परवा मावशीने त्याचा फोटो पाठवला. हसतोय, गळ्याची हाडं वर आलीत. डोळे पिवळे वाटतात, पण गाडीवरचं छतही पिवळ्या ताडपत्रीचं आहे. मी प्रयोगशाळेतल्या संगणकावर फोटोतला पिवळा रंग उतरवून पाहिला. तेवढ्याने त्याचा शर्ट निळा झाला, बाकी काही कळलं नाही.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर त्याच्याकडे थांबा. थावोन नाव आहे. अर्धी कोंबडी मागा, सुटे नाहीत म्हणा, कसंही करून त्याला ताडपत्रीबाहेर उन्हात बोलवा आणि डोळ्यांचा पांढरा भाग बघा. पांढरा असला तरी सोनोग्राफीचं विचारा, कारण पिवळं फार उशिरा दिसतं. मी पाठवलंय असं सांगू नका. बघून झालं की मला कळवा.