मी हलत नाही

आमच्या घरात लग्न झाल्यापासून एकच भांडण चालू होतं. फोटो काढताना मी हलते, असं माझा नवरा सेबॅस्टियन म्हणायचा. मी म्हणायचे, मी हलत नाही. तो म्हणायचा, पुरावा समोर आहे. आणि पुरावा खरंच समोर असायचा, अल्बममध्ये चिकटवलेला.

आमच्या नंदाखाल गावातली अर्धी पोरं सेबॅस्टियनच्या हाताखाली विज्ञान शिकून गेली, त्यामुळे त्याला चुकलास म्हणायची कोणाची छाती नाही. माझी आहे, पण माझं ऐकतो कोण? त्याचा कॅमेरा जुना, जर्मन, मामाकडून आलेला. मामा बोटीवर होते. कुठल्याशा बंदरात त्यांनी त्या कॅमेऱ्याला एक रशियन लेन्स घेतली आणि पुढे भाच्याला दोन्ही देऊन टाकलं. ह्या कॅमेऱ्याला एक बारकी खिडकी असते. तिच्यातून बघितलं की एका माणसाची दोन दिसतात. लेन्सची रिंग फिरवत दोघांना एकमेकांवर आणून बसवायचं, एक झाली की फोकस झाला. सेबॅस्टियन हे इतक्या सावकाश करतो की समोरच्याच्या तोंडावरचं हसू आंबून जातं. त्यात फ्लॅश मारणं त्याच्या मते पापात जमा.

लांबचे फोटो झकास यायचे. चर्चचा मनोरा, सणाची मिरवणूक, केळीची बाग, काही बघायला नको. जवळून काढायचं झालं की मी धुक्यात. आमच्या टिफनीच्या बाप्तिस्म्याचा फोटो बघा. बाळ माझ्या मांडीवर, आम्ही दोघी धूसर, आणि माझ्या खांद्याला हनुवटी टेकून डोकावणारी माझी नणंद क्लेमेंटीन मात्र लख्ख, कानातल्या कुड्यांसकट. प्रथम कम्युनियनला तेच. कॉलेज संपलं तेव्हाही तेच. माझ्या मुलीच्या अल्बममध्ये क्लेमेंटीनचं अख्खं आयुष्य आहे, केस पांढरे होईपर्यंत. वर सेबॅस्टियन म्हणायचा, "क्लेमेंटीन बघ कशी गप्प उभी राहते." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

यंदा टिफनीचं लग्न ठरलं, नाताळ झाल्यावर, उमेळ्याच्या ॲल्रॉयशी. फोटोवाले ठरले होते, ड्रोनबिनसुद्धा. पण टिफनी बापाला म्हणाली, "पप्पा, एकच फोटो तुमच्या कॅमेऱ्यावर हवाय. चर्चला निघायच्या आधी मम्मी माझ्या कपाळावर क्रूस काढेल ना, तो."

सेबॅस्टियन फुलून गेला. मला मात्र अल्बम आठवला. लेकीला आशीर्वाद देऊन घराबाहेर काढायची वेळ एकदाच येते, आणि तिथेही मी धूसर आणि क्लेमेंटीन स्पष्ट? मला तो फोटो हवा होता. आम्हा दोघींचा, नाकडोळे असलेला, एक तरी.

"आधी मी हलते हे सिद्ध कर," मी त्याला म्हटलं. "सायन्सचा मास्तर ना तू? मग जे हलतच नाही त्याचा फोटो काढ."

नाताळच्या गोठ्यातल्या मूर्ती मी पुसायला काढल्या होत्या. बाळ येशूला नाताळच्या रात्री चर्चमध्ये मिस्सा होईपर्यंत गोठ्यात ठेवत नाहीत, तो कपाटातच होता. मी टेबलावर मरियामाता ठेवली, तिच्यामागे चार बोटांवर जरा बाजूला गाढव, आणि पुढच्या बाजूला एक मेंढरू.

"फिल्म धुऊन यायला वेळ लागेल," सेबॅस्टियन कुरकुरला. पण मी केकच्या भांड्याला बटर पेपर लावत होते, आणि तो बघून त्याच्यातला मास्तर जागा झाला. शाळेत तो पोरांकडून खोक्याचा कॅमेरा करून घ्यायचा, त्याच्यात चित्र उमटायला बटर पेपरच लावायचा. त्यानं रिकाम्या कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं, फिल्म बसते त्या जागी बटर पेपरचा तुकडा ताणून चिकटवला, कॅमेरा स्टँडवर चढवला, मरियामातेवर फोकस केला आणि शटर उघडं ठेवलं. मग भिंग घेऊन त्या कागदावर वाकला. वाकला तो वाकलाच.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"गाढव."

"आणि मरियामाता?"

"जरा धूसर आहे."

"हलली असेल," मी म्हटलं.

मी हसून हसून खुर्चीत बसले. सेबॅस्टियन काही हसला नाही. त्याला बिचाऱ्याला जेवण गेलं नाही त्या दिवशी. कॉम्प्युटरपुढे बसून त्यानं जगभरच्या कॅमेरावेड्यांचं लिखाण वाचून काढलं, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी माझ्यापुढे येऊन बसला.

"कॅमेरा बरोबर आहे. लेन्सही बरोबर आहे," तो म्हणाला. "पण दोघांची मापं वेगळी. कॅमेरा सांगतो इतकी पुढे सरक, लेन्स तितकी सरकते, पण तिला जरा जास्त सरकायला हवं असतं. लांबचं बघताना कळत नाही. जवळ आलं की फोकस माणसाच्या मागे जाऊन बसतो."

"म्हणजे मी हलत नव्हते."

"नव्हतीस."

"जरा मोठ्यानं."

"नव्हतीस, प्रिस्का."

टिफनी घरी आल्यावर मी त्याला तिच्यासमोर परत म्हणायला लावलं. का सोडू?

उपाय त्यातल्या त्यात सोपा निघाला. लेन्सच्या आतला काचांचा भाग फिरवून बाहेर काढायचा, आणि तो जिथे टेकतो तिथे एक पातळ चकती घालायची, म्हणजे काचा केसभर पुढे येतात. चकती कसली घालावी ह्यावर तो डोकं खाजवत बसला, तेव्हा मी बटर पेपरची गुंडाळीच त्याच्या पुढ्यात ठेवली. एक चकती घातली, गाढव धूसर झालं पण मरियामाता काही नीट दिसेना. तीन घातल्या, तर पुढचं मेंढरू लख्ख. दोन घातल्या आणि मरियामातेच्या निळ्या पदराची सोनेरी कड उलटी का होईना, कागदावर स्वच्छ उमटली.

"आता लांबचं जरा मऊ येईल," तो हळहळला. "चर्चचा मनोरा पूर्वीसारखा नाही यायचा."

"चर्च कुठे जात नाही," मी म्हटलं. "मुलगी चाललीये."

मग त्यानं मला खिडकीपाशी बसवलं. मी डोळे मिटून, श्वास रोखून बसले. तो भिंग लावून कागद बघत राहिला, बघतच राहिला.

"तुझ्या डाव्या पापणीवर तीळ आहे," तो म्हणाला.

"लग्नाच्या आधीपासून आहे."

"डोळे मिट बघू परत," तो म्हणाला. मी मिटले. सांगायला हरकत नाही, ह्या वयात मला लाज वाटली, आणि फार बरं वाटलं.

लग्नाच्या सकाळी घर माणसांनी भरलेलं, मांडवात बँडवाले चहा पीत बसलेले. टिफनी पांढरा झगा सावरून माझ्यापुढे गुडघ्यांवर टेकली. समोर सेबॅस्टियन कॅमेरा घेऊन. आणि क्लेमेंटीन नव्या साडीत, थेट माझ्या खांद्यामागे.

"पुढे ये ना, शेजारी," मी म्हटलं.

"नको गं वहिनी," ती माझ्या कानात म्हणाली. "भाऊच्या फोटोत मागेच चांगलं येतं. बाप्तिस्म्यापासून बघतेय मी."

म्हणजे बयेला सगळं ठाऊक होतं. मनात म्हटलं, राहा मागेच.

सेबॅस्टियननं कॅमेऱ्याच्या खिडकीतल्या दोन टिफनी एकीवर एक बसवल्या. मी तिच्या कपाळावर अंगठा टेकवला. परीक्षेला जाताना, ताप आल्यावर, पहिल्यांदा नोकरीला निघाली तेव्हा, दर वेळी ह्याच कपाळावर मी क्रूस काढला होता. तिनं डोळे वर करून माझ्याकडे बघितलं आणि मला राहवलं नाही. मी वाकून तिचा मुका घेतला. नेमकं तेव्हाच शटर वाजलं, बाहेर बँड सुरू झाला आणि सगळे उठले.

फिल्म धुऊन आली तेव्हा टिफनी आणि ॲल्रॉय जेवायला आले होते. आम्ही चौघं फोटोवर वाकलो. टिफनीच्या पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. माझा अंगठा, त्याच्यावरची भट्टीनं भाजल्याची खूण, तीसुद्धा दिसते. आणि माझा चेहरा म्हणजे एक पुसट पट्टा, तिच्याकडे ओढला गेलेला. मागे क्लेमेंटीन, तिचा तर ढग झालेला.

सेबॅस्टियन भिंग शोधायला उठला.

"हलले," मीच म्हटलं.

"पुन्हा काढू," तो घाईनं म्हणाला. "टिफनी झगा घालेल परत, काय गं?"

"काही नको. मोठी फ्रेम कर."

क्लेमेंटीन आठवडाभर आमच्याशी बोलली नाही. फोटो आता हॉलमध्ये दारासमोर लावलाय. येणारा प्रत्येक जण म्हणतो, प्रिस्का, तू हललीस वाटतं.

मी म्हणते, हो, लेकीकडे.