वीर मेहुणा आणि विद्वान दाजी

त्या वर्षी लुछेंग गावाला फटाके पुरेनात. राजधानीतल्या परीक्षेत गावचे छू वनपिन विद्वानांत पहिले आले आणि त्यांचाच मेहुणा न्यू थ्येशान वीरांत पहिला. एकाच घरात दोन चुआंगयुआन, दोन अव्वल! थ्येशानने इतर कुणालाही न हललेली शिळा परीक्षेत छातीपर्यंत उचलली होती. लढाई मात्र त्याने कधी पाहिली नव्हती. दरबाराने त्याला महालाच्या दारावर उभं केलं, आणि तो बिचारा उभाच राहिला.

मग डोंगरात म्याओ नावाच्या दरोडेखोराने उच्छाद मांडला. थ्येशानला वाटलं, आपला दिवस उजाडला. हुकूम निघाला: सेनापती छू वनपिन, न्यू थ्येशान त्यांच्या दिमतीला.

"दाजी, तुम्ही कधी तलवार तरी धरलीय का?"

"युद्धनीतीवर निबंध लिहिलाय मी. तुला नाही कळायचं. आधी मला घोड्यावर चढव."

खिंडीत शिरताच वरून दगड गडगडले. शिपाई मिळेल त्या आडोशाला पळाले. थ्येशानने बाण जोडला, तोच वरून हाक आली, "खाली चुआंगयुआन आलाय म्हणे?"

"आलाय!" थ्येशान छाती काढून गरजला.

"तू नव्हे रे, बैला! तो लिहिणारा!"

म्याओ एकटाच खाली उतरला. काटकुळा, पिकल्या दाढीचा. परीक्षेत नापास होता होता त्याची उमर गेली होती, मग त्याने डोंगर धरला होता. कमरेच्या फडक्यातून त्याने जुना निबंध काढला. "यात चुकलं काय, तेवढं सांगा. परीक्षकांनी कधी सांगितलंच नाही."

दाजी धोंड्यावर बसून वाचू लागले. "थ्येशान, शाई उगाळ."

थ्येशानने इतक्या जोरात उगाळली, की शाईची दगडी पाटी दुभंगली.

"सुरुवात बरी आहे," वाचून झाल्यावर ते म्हणाले. "मधे नुसता फुगवटा. शेवट तर साफ टाकाऊ."

आता दाजींचं मुंडकं उडणार म्हणून थ्येशानने तलवारीला हात घातला. म्याओच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"म्हणजे... शेवटपर्यंत वाचलंत तुम्ही?"

त्याच दुपारी त्याच्या माणसांनी शस्त्रं खाली ठेवली.

दरबाराने छू वनपिनना असामान्य शौर्याबद्दल टोपीत खोवायला मोराचं पीस दिलं. म्याओ त्यांच्याच कचेरीत कारकून झाला. थ्येशान रजा घेऊन गावी आला, तेव्हा बहिणीने विचारलं, "तू काय केलंस रे तिथे?"

"दाजींना घोड्यावर चढवलं."

"आणि उतरवलं कुणी?"

"मीच."

कुणी ऐकत नाही ना म्हणून बहिणीने दाराकडे नजर टाकली आणि त्याच्या वाडग्यात मटणाच्या शेवया वाढल्या. "बरं झालं बाबा, तू होतास. हे पडले असते तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती."

मोहिमेबद्दल थ्येशानची पाठ थोपटली गेली, ती एवढीच. त्याने आणखी शेवया मागितल्या.