यादिराचा मजला

लिसांद्रो मेरोने घर बांधलं तेव्हा यादिरा दोन वर्षांची होती. खालचा मजला आपल्याला, वरचा लेकीला, असं त्याने तेव्हाच ठरवलं आणि आठही खांबांच्या डोक्यावर हात-हातभर सळ्या उघड्या सोडल्या. या किनाऱ्यावर सगळेच सोडतात. पोरं मोठी झाली की वर चढवायचं. लिसांद्रो तर गवंडीच. समोरून समुद्राची वाळू आणायची, दोन पाऊस तिच्यावरून जाऊ द्यायचे, की मीठ गेलंच म्हणून समजा, असं तो गावभर छातीठोकपणे सांगायचा.

सव्वीस वर्षं गेली. यादिरा ग्वायाकिल शहरातली भाड्याची खोली कायमची सोडून दोन पोरांसकट आली. विटांचा ट्रकही दारात रिकामा झाला.

"बाबा, खिडकी समुद्राकडेच हं. आणि माझी चूल आईच्या चुलीपासून लांब!"

"ऐकू येतंय मला!" घरातून आई, दिग्ना, ओरडली.

लिसांद्रो हसत हसत छतावर चढला. नव्या सळ्या जोडायच्या म्हणून त्याने पहिल्या खांबाच्या डोक्यावर छन्नी लावली. दोन घाव घातले न घातले तोच ढलपाच्या ढलपा खाली आला. आत बघतो तर काय, अंगठ्याएवढी सळई शिसपेन्सिलीएवढी उरलेली, अंगावर गंजाचे पोपडे. गंज फुगत गेला होता आणि त्याने काँक्रीट आतून फोडलं होतं. त्याने आणखी खाली खोदलं. तेच. दुसरा खांब, तिसरा, तेच! मग घाईने खाली येऊन त्याने कपाटामागचं प्लास्टर उडवलं. खांबाच्या पायाशी हातोडी मारली तर आवाज भद्द आला.

वरून खारं वारं, आतून खारी वाळू. बाहेरच्या कुणी काही केलं नव्हतं. हे त्याच्याच हातचं होतं, आणि त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

"आज भरताय ना खांब?" यादिराने विचारलं.

"नाही भरायचे."

"मग उद्या?"

"कधीच नाही, पोरी."

"म्हणजे काय? मी खोली सोडून आलेय बाबा! आता जाऊ कुठे? वरून सिमेंट फासा की जरा. सगळे फासतात."

 लिसांद्रोने खांबाच्या भेगेत बोटं घातली आणि ओढलं. हातात आलेला तुकडा त्याने नुसत्या मुठीने चुरून दाखवला.

यादिराचा चेहरा पांढराफटक पडला. तिने तो चुरा बोटांनी चाचपून पाहिला.

"वरचं राहू दे," ती म्हणाली. "खाली? खाली पोरं झोपतात, बाबा."

"त्यांना बाहेर काढ. आत्ता."

पोरं निघाली, गाद्या निघाल्या, सगळं वाळूवर जाऊन पडलं. दिग्ना मात्र खुर्चीतून हलेना.

"अहो, माझी आई या घरात गेली. सव्वीस वर्षं पडलं नाही ते आजच पडतंय होय? तुम्ही बांधलंय ना? मग बसा इथे माझ्यापाशी."

बाहेरून यादिरा गळा फाटेस्तोवर हाका मारत होती. दिग्नाला ओढून काढायचं बळ लिसांद्रोच्या अंगात उरलं नव्हतं, आणि एकट्याने बाहेर जायला तोंड नव्हतं. तो दिग्नाशेजारी बसला.