उरलेला द्राक्षारस

बिशप थॉर्नली विलायतेत वारल्याची बातमी मिशनच्या मासिकात आली. खाली चौकटीत त्यांचं सगळं आयुष्य बसवलं होतं: ऑक्सफर्डची पदवी, मुंबईत पंधरा वर्षं अध्यापन, मराठी-संस्कृतचा व्यासंग, प्रभुभोजनावरचा गाजलेला ग्रंथ, १९२४ साली बिशपपद, १९३१ साली प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा. रत्नागिरीचं नाव त्यात कुठेच नव्हतं. म्हणून मी लिहायला बसलो, नाहीतर मला काय हौस?

मी रावजी, इथल्या इंग्लिश चर्चच्या चिमुकल्या मंडळीचा उपदेशक. बिशपांचा तो ग्रंथ मराठीत मी आणला. त्यासाठी मुंबईला त्यांच्या बंगल्यात मी अख्खा उन्हाळा काढला. एकेका शब्दावर साहेब अर्धा दिवस घालवायचे, जेवण थंड व्हायचं. माणूस खरोखर चांगला होता. तो लबाड असता तर मला हे लिहिणं किती सोपं गेलं असतं. ग्रंथाचा कणा एका वाक्यात होता: प्रभूचा प्याला एकच आहे, आणि ज्याला त्यापासून दूर ठेवाल, त्याच्याबरोबर प्रभूही बाहेर उभा राहील. ते वाक्य उतरवताना मी रडलो होतो. सांगायला लाज कसली?

त्याच वर्षाच्या अखेरीस माझ्या बायकोच्या, मथुरेच्या, हातावर चट्टे दिसले. डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली, तिला काही कळलं नाही. गावाबाहेरच्या महारोग्यांच्या आश्रमात तिची रवानगी झाली. मला रविवारी भेटायची परवानगी होती, मध्ये चार हात अंतर ठेवून.

आश्रमात आमच्या पाद्रीसाहेबांनी आपली एक रीत पाडली होती. प्रभुभोजनात भाकर खाऊन सगळ्यांनी एकाच प्याल्यातून द्राक्षारस प्यायचा असतो. ते मात्र रोग्यांच्या तळहातावर वरून भाकरीचा तुकडा टाकत, आणि प्याला देतच नसत. मथुरेने एकदा तो तुकडा घेतला. दुसऱ्या खेपेला म्हणाली, "अर्धा नको मना." तीन वर्षं ती त्या मेजापाशी गेली नाही. प्रभूच्या मंडळीत असूनही आपण वेगळे, हे तिला रोगापेक्षा जास्त लागलं. दोष माझाच. तो ग्रंथ मराठीत उतरवून घरी आणल्यावर तिला वाचून दाखवणारा मीच होतो.

शेवटी मी बिशपांना पत्र लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं, की माघात येतो आणि प्याला माझ्या हाताने देतो. मथुरेला ते वाचून दाखवलं तेव्हा कितीतरी दिवसांनी ती हसली.

साहेब आगबोटीतून पडावात, किनाऱ्याला नेणाऱ्या होडीत, उतरले, गुडघ्यापर्यंत भिजले आणि हसत हसत वर आले. आश्रमाच्या पडवीत मेज मांडलं होतं. समोर एकोणीस रोगी बसले होते. रीतीप्रमाणे साहेब आधी प्यायले. मग प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी भाकर दिली, प्याला ओठांशी धरला. पुसायचं फडकं घेऊन मी शेजारी होतो. मथुरेने दोन्ही तळव्यांत प्याला धरून चांगला घोट घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, माझं काम झालं.

बाकीचे मात्र ओठ लावल्यासारखे करून मागे सरत होते. कारण माझ्या उशिरा ध्यानात आलं. उरलेला द्राक्षारस साहेबांनाच संपवायचा असतो, हे त्यांना ठाऊक होतं. साहेबांना आपलं उष्टं कमीत कमी लागावं म्हणून ते बिचारे पीतच नव्हते. त्यामुळे प्याला अर्ध्याहून जास्त भरलेला परत आला.

प्रार्थनेने पवित्र झालेला तो रस फेकता येत नाही, बाहेर नेता येत नाही. आशीर्वादानंतर पुरोहिताने तो तिथल्या तिथे संपवायचा, किंवा मंडळीतल्या कुणाला हाक मारून त्याच्याकडून संपवायचा. एवढी मुभा नियमात आहे. साहेबांनी आशीर्वाद दिला. मेजाकडे वळून प्याला उचलला आणि तसेच उभे राहिले. त्यांच्या मानेवर घाम आला होता. मग वळून स्वच्छ मराठीत म्हणाले, "रावजी, पुढे या. हे तुम्ही घ्या."

नियमाने त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी पुढे झालो, प्याला हातात घेतला. त्याच्या काठावर ओलसर डाग होते. ते वाक्य लिहिताना रडलेला मी, प्याला छातीशी धरून उभा राहिलो. तो वर जाईना. मला साहेबांचा राग आला होता असं सांगायला आवडलं असतं. पण मी भ्यालो होतो, एवढंच.

मथुरा उठून आली. माझ्या बोटांना आपली बोटं लागणार नाहीत अशा बेताने तिने प्याला घेतला. "द्या. माझाच उष्टा हाय ना त्यात," हळूच म्हणाली, आणि सगळा प्यायली. प्याला मेजावर ठेवून ती आपल्या जागी जाऊन बसली. साहेबांनी मान खाली घातली. रोगीही खालीच बघत होते, जणू चूक त्यांच्या हातून झाली होती.

त्यानंतर बिशपांनी ग्रंथाची दुसरी आवृत्ती काढू दिली नाही. प्रवचनं छापू देईनात, मग करीनातच. राजीनामा देऊन विलायतेला जाताना त्यांनी बोटीवरून मला पत्र लिहिलं. आयुष्यभर जे शिकवलं ते एका क्षणापुरतंही मला जमलं नाही, असं त्यात होतं. माझ्या वतीने मथुराबाईंची क्षमा मागा, असंही होतं.

रविवारी बाकावर बसून मी ते तिला वाचून दाखवलं. तोवर तिची बोटं झडली होती, नजरही गेली होती. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"बिशपसायबांचा मी तवाच सोडून दिला," ती म्हणाली. "परका मानूस, घाबारला. तुमचा कसा सोडायचा, ता मना अजून समजत नाय."

मी पत्राची घडी घातली. दुसऱ्या वर्षी भाद्रपदात ती गेली, तोवर दर रविवारी मी त्या बाकावर चार हात अंतर ठेवून बसत होतो.