खांबावरचा डाग

"अहो, हात नका लावू!" मी ओरडले, पण तोवर ह्यांचं नख खांबावर फिरलंही होतं.

आयुष्यभर लोकांची घरं रंगवली ह्यांनी. भिंत दिसली की नखानं खरवडून खालचा थर बघायचा, ही जित्याची खोड. कुणाकडे चहाला गेलो तरी तेच. इथे तर लेकीच्या सासूबाई मोठ्या हौसेनं त्यांचं प्रार्थनाघर दाखवायला घेऊन आल्या होत्या. परमुलखातल्या विहीणबाई, आमची पहिलीच भेट. छतभर वेलबुट्टी, कमानींवर सोनेरी पाखरं, बघता बघता मान अवघडली. विहीणबाई अखंड बोलत होत्या. भरलेली बाटली उपडी करावी तशी त्यांची भाषा, नुसती गटगट. आम्ही दोघं आपली नंदीबैलासारखी माना डोलवत होतो.

आणि ह्यांच्या नखाबरोबर सोनेरी पापुद्राच सुटून आला. खालचा पांढरा गिलावा उघडा पडला, चांगला बशीएवढा.

"बाबा!" लेक रडवेली झाली. "किती जपतात हे लोक! आता ह्यांना काय तोंड दाखवू मी?"

"अगं, वर्ख खरा आहे का, एवढंच..." हे पुटपुटले. "सांग त्यांना, उद्या येऊन बुजवून देतो."

"सोनं आहे ते, बाबा. तुमच्या डब्यातला रंग नाही."

विहिणीसमोर नाक कापलं गेलं, धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तेवढ्यात किल्ल्यांचा जुडगा वाजवत रखवालदार आमच्याकडेच यायला लागला. मी काय करावं? झटकन बाजूला झाले आणि खिडकीच्या रंगीत काचा बघत उभी राहिले, जसा काही हा माणूस माझा कुणीच नाही.

विहीणबाईंची बडबड थांबली होती. त्यांनी खांबाकडे पाहिलं, ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग ह्यांचा दंड धरून त्या शेजारी उभ्या राहिल्या, पाठ टेकून, बरोबर त्या डागावर. रखवालदाराशी हसून काहीतरी बोलल्या. तो मान हलवून पुढे गेला.

"काय म्हणाल्या गं?" मी लेकीला हळूच विचारलं.

"म्हणाल्या, हे माझे व्याही. दोघांचे पाय दुखतायत, जरा टेकलोय."

माझी नजर वर होईना. तशीच गेले आणि ह्यांच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला टेकायला जागा व्हावी म्हणून तेवढे जरा सरकले.