चकतीवरचा अंगठा

माझ्या अंगठ्यावरच्या चरबीने एक कुत्रा मारला. कोर्टात हे सिद्ध होणार नाही. मी वकिलाला विचारून पाहिलं.

आमची प्रयोगशाळा म्युनिकच्या उत्तरेला. कर्करोगाच्या गाठीवर क्ष-किरण सरसकट न ओतता फणीच्या दातांसारख्या, केसाएवढ्या बारीक पट्ट्यांनी सोडायचे. मधल्या फटींतलं निरोगी मांस वाचतं. असे किरण एरवी गावाएवढ्या यंत्रातून मिळतात. आम्ही ते एका खोलीत बसवत होतो.

यंत्रातली हवा उपसून काढणं हे हिरलिंगरबाईंचं काम. त्यांचा आखूड पायांचा कुत्रा गुस्टल अकरा वर्षांचा, मेंदूत गाठ. पशुवैद्यांनी पहिला रुग्ण म्हणून त्यालाच निवडलं होतं. गाठ वाढायच्या आत, म्हणजे मार्चअखेरपर्यंत, यंत्र चालायला हवं होतं.

पांढरे सॉसेज आमच्याकडे मोहरीच्या गोड चटणीबरोबर, चर्चच्या बाराच्या घंटेआधी संपवतात. नंतर खाणारा माणूस उत्तर जर्मनीतला, परका समजतात. मार्चच्या सुरुवातीच्या एका शुक्रवारी पावणेबाराला मी त्यांची सालं सोलत होतो, एकेक साल टेबलाखाली गुस्टलला देत होतो. घंटा झाली तसा हात न धुताच धावत जाऊन, जिच्यातून क्ष-किरण निघतात ती फिरती चकती यंत्रात बसवायला घेतली. हातमोजा फाटला. चकती जरा तिरकी होती. उघड्या अंगठ्याने एकदाच सरळ केली.

"बसली?" बाईंनी विचारलं.

"बसली."

हवा उपसताना आतला दाब उतरता उतरता मध्येच अडला. आत उरलेल्या वायूंचा आलेख वाचायचं काम माझं. त्यात चरबीच्या वाफेचे शेंडे चर्चच्या मनोऱ्यांसारखे उभे होते.

"काय म्हणतोय रे आलेख?"

"पंपाचं तेल असेल," मी म्हणालो. "किंवा कुठेतरी गळती."

तीन आठवडे बाई गळती शोधायला हेलियम वायूची नळी घेऊन एकेक सांधा तपासत होत्या. मध्ये पंपही बदलला.

"चाळीस वर्षांत माझा एक सांधा गळला नाही. आता गुडघ्यांबरोबर हेही गेले वाटतं."

"अहो बाई, होतं असं," मी म्हणालो. हे वाक्य मला अजून पाठ आहे.

शेवटी यंत्र उघडलं. चकतीवर तपकिरी ठसा, यंत्र तापवताना भाजून पक्का झालेला. पाव कापताना लहानपणी झालेल्या जखमेची रेघसुद्धा त्यात होती. बाईंनी माझा हात ओढून शेजारी धरला.

"मोहरीची चटणी गोड होती की तिखट?"

"गोड."

"निदान तेवढं तरी नीट केलंस."

"बाई, मी त्याच दिवशी..."

"त्याच दिवशी सांगितलं असतंस तर चार दिवसांत पुसून, तापवून मोकळे झालो असतो. तेव्हा गुस्टल जिना चढत होता."

गाठ दुप्पट झाली म्हणून पशुवैद्यांनी त्याचं नाव खोडलं होतं. एप्रिलमध्ये तो गेला.

नवी चकती आल्यावर मे महिन्यात यंत्र चाललं. झकास चाललं, हेच वाईट. पहिली रुग्ण आउग्सबुर्गची एक पूडल कुत्री. खडखडीत बरी आहे, मालकाला चावते म्हणे.

जूनमधल्या एका शुक्रवारी बाईंनी सॉसेजचं वाफाळतं भांडं माझ्यासमोर ठेवलं.

"खा. अजून बारा वाजले नाहीत."

मी साल सोललं आणि सवयीने हात टेबलाखाली नेला. मग तो वर कसा आणावा, ते कळेना. बाई बघत होत्या. घंटा होईपर्यंत मी तो तसाच धरून बसलो.