आपल्या गावचा माणूस

नॉर्वे आणि स्कॉटलंड फिरून यामिनी आणि अभिराम जबलपूरला परतले, त्याच शनिवारी बापूसाहेबांनी दोघांना जेवायला बोलावलं. बापूसाहेब म्हणजे अभिरामचे मामा. फोटो दाखवल्याशिवाय पान वाढणार नाही, असं त्यांनी फोनवरच बजावलं होतं. यामिनीला जायचं नव्हतं. दाखवायच्या फोटोंत कोणता फोटो असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

यामिनी दातांची डॉक्टर. जबलपुरातच नेपियर टाउनात तिचा दवाखाना होता. या सहलीची हौसही तिचीच. नॉर्वेतल्या हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी जहाजापुढे ती इतका वेळ उभी राहिली की अभिराम दोनदा दुकानात जाऊन फ्रिजवर लावायची चुंबकं घेऊन आला. जुन्या लाकडी चर्चमध्ये डांबराचा वास येत होता, तो तिला फार आवडला. तिथवर सगळं छान चाललं होतं.

मग स्कॉटलंडमधल्या एका गावात पावसापासून आडोसा म्हणून दोघं वैद्यकीय वस्तूंच्या एका लहानशा संग्रहालयात शिरले. आतल्या दालनात काचेच्या कपाटात कवट्या मांडल्या होत्या. एकीखालच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: जब्बलपूर, ठग, फाशी. डोक्याच्या उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो, असं मानणाऱ्या कुण्या डॉक्टरने तिच्यावर शाईने चौकोन आखले होते. एका चौकोनात क्रौर्य, एकात लोभ.

"यामिनी, इकडे ये. आपल्या गावचा निघाला हा," अभिराम म्हणाला. फोटो काढायला त्याने शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या हातात फोन दिला. बाईंनी कपाटाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि फोन परत केला. तेव्हा त्याने काचेला गाल लावला, कवटीसारखे दात विचकले आणि स्वतःच फोटो काढला.

यामिनी तोवर सवयीने त्या कवटीचे दात पाहत होती. दाढा जराही झिजलेल्या नव्हत्या. अक्कलदाढ हाडातून जेमतेम डोकावत होती. वय अठरा, फार तर एकोणीस. तडक बाहेर जाऊन ती फुटपाथवरच्या कचरापेटीत ओकली. अभिरामला तिने सांगितलं की सकाळचा मासा बाधला.

बापूसाहेबांच्या टीव्हीवर तो फोटो आला तेव्हा बैठकीत जमलेल्या नातेवाइकांत हशा पिकला. मीनाक्षीमामी तेवढ्या स्वयंपाकघरात होत्या.

"ठगच तो," यामिनी हसली नाही हे पाहून बापूसाहेब म्हणाले. "रुमालाने लोकांचे गळे आवळत फिरायचे हे. त्याची काय पूजा करायची?"

"मामा, पोरगा होता तो," यामिनी म्हणाली. "अक्कलदाढसुद्धा पुरती आली नव्हती त्याची."

"अच्छा, म्हणजे अक्कल यायच्या आधीच लटकवला," अभिराम म्हणाला. या वेळचा हशा आधीपेक्षा मोठा होता. यामिनीने हातातली बशी खाली ठेवली. त्या रात्री ती तिथे जेवली नाही.

गाडीत तिने सांगितलं, "तो फोटो काढून टाका."

"काहून? घरच्या ग्रुपवर सगळे हसून राहिले."

"म्हणूनच काढा."

"तू बी ना यार. कपाटात मी ठेवला का त्याला? त्या लोकांनी तिकीट लावून ठेवला. मी फक्त फोटो काढला."

हे खरंच होतं, आणि त्यानेच तिला अधिक किळस आली. मेलेल्या पोराच्या डोक्यावर शाईने लोभ लिहिणारा तो डॉक्टर आणि काचेला गाल लावणारा आपला नवरा, दोघं तिला एकाच बाकावर बसलेले दिसू लागले. पुढचे दोन दिवस अभिराम हसला की तिला त्याच्या मागच्या दाढा दिसायच्या. त्यातलं सिमेंट तिनेच भरलं होतं. ती नजर फिरवायची.

सोमवारी पितृपक्ष लागला. मंगळवारी सकाळी मीनाक्षीमामींचा फोन आला. फोटो त्यांनी तेव्हा कुठे ग्रुपवर पाहिला होता. त्यांचा आवाज यामिनीला टेबलापलीकडूनही ऐकू येत होता. पितरांच्या दिवसांत फाशी गेलेल्याची कवटी घरात घेऊन काय बसलास, असला आत्मा चिकटला तर सुटत नाही, आधी तो फोटो काढ.

अभिरामचा चेहरा उतरला. "हो मामी, काढतो जी," म्हणत त्याने ग्रुपवरून, फोनवरून, लॅपटॉपवरून, सगळीकडून फोटो पुसला. मग देवघरातल्या तांब्यातलं नर्मदेचं पाणी बोटांवर घेऊन फोनवर शिंपडलं, आणि स्क्रीन खराब होऊ नये म्हणून लगेच रुमालाने कोरडाही केला.

"चलो, झालं ना तुझ्या मनासारखं?" तो म्हणाला.

यामिनीने त्या तांब्याकडे पाहिलं.

"त्या पोराच्या नावाने सोडलंत का थोडं पाणी?" तिने विचारलं.

"कोणत्या पोराच्या?" अभिरामने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

तिने चहा तसाच ठेवला, पर्स उचलली आणि दवाखान्यात निघून गेली.